पडद्यावरचा तलाव

टेकचंद सेवकराम सेलोकर याने १९७८ साली रंगवलेला तलावाचा पडदा आज कुठेही पाहता येत नाही. तो कसा नाहीसा झाला याच्या तीन हकिगती करडीत सांगितल्या जातात, आणि तिन्ही एकाच वेळी खऱ्या असणे शक्य नाही. एका हकिगतीत त्या पडद्याने दोन वर्षे धानाच्या पोत्यांवर ताडपत्रीचे काम केले. दुसरीत तो तुमसरच्या एका राईस मिलच्या गोदामात उंदरांच्या तावडीत सापडला. तिसरीत तो कोणाच्या तरी लग्नाच्या मांडवावर चढला आणि पुन्हा उतरलाच नाही. मागे राहिले आहे ते एवढेच: मोजणीच्या चार वह्या, नाटकाचे एक हस्तपत्रक, चित्रकलेच्या परीक्षेची एक गुणपत्रिका आणि ज्यांनी तो पडदा एका पहाटे पाहिला त्यांच्या आठवणी. जे कागदावर आहे ते कागदावरचे म्हणून, आणि जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणूनच पुढे मांडले आहे.

टेकचंदचा जन्म १९५४ साली मोहाडी तालुक्यातील करडी येथे, धानाची शेती करणाऱ्या घरात झाला. गावामागे तलाव आहे. हिवाळ्यातल्या सकाळी त्याच्यावर धुके बसते, तेव्हा पाणी कोठे संपते आणि आकाश कोठे सुरू होते हे पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, बसलेल्या माणसालाही सांगता येत नाही. पलीकडच्या काठावरची मोहाची झाडे मुळांशिवाय उभी असल्यासारखी दिसतात. एखादा बगळा उडतो, आणि तो पाण्यातून उडाला की हवेतून, हे पाहणाऱ्याला मागाहून ठरवावे लागते. लहानपणी टेकचंद या पाळीवर तासन्‌तास बसून राहत असे, असे त्याची बहीण कुंताबाई सांगते. मात्र लहानपणी तलावाकाठी बसून न राहिलेला माणूस या भागात सापडणेच अवघड असल्यामुळे या माहितीला फारसे वजन देता येत नाही.

शिक्षणाबाबतचा पुरावा अधिक पक्का आहे. मॅट्रिकनंतर, १९७२ मध्ये, तो नागपूरच्या तंत्रनिकेतनात स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेला दाखल झाला. १९७५ मध्ये पदविका मिळाली आणि लहान तलावांच्या दुरुस्तीवर सरकारी खात्यात तात्पुरती नेमणूकही मिळाली. त्याच वर्षी त्याने नागपूरच्या एका चित्रकला विद्यालयात शनिवार-रविवारी भरणाऱ्या वर्गात नाव घातले. शनिवारी दुपारी तुमसर रोड स्थानकावरून गाडी पकडायची आणि रविवारी संध्याकाळी बोटांना कोळशाची काजळी लावून परतायचे, असा तीन वर्षांचा क्रम होता. मोजणीच्या वह्यांत या दुहेरी आयुष्याच्या खुणा आहेत. डाव्या पानावर एखाद्या तलावाच्या पाळीची उंची दर दहा फुटांवर नोंदलेली आहे, उजव्या पानावर त्याच तलावाचे पेन्सिलचित्र आहे. काही पानांवर दोहोंची सरमिसळ झाली आहे. एका ठिकाणी आकड्यांचा स्तंभ खाली उतरता उतरता लव्हाळ्याची रांग होतो, आणि शेवटचा सात वाऱ्याने वाकल्यासारखा दिसतो.

दोन्ही शिक्षणे त्याला एकाच कामासाठी हवी होती. कापणी आणि मळणी आटोपली की झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या मुलखात, नाटकांचा हंगाम सुरू होतो. ज्या गावी शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, त्या गावी सासरी गेलेल्या लेकी येतात, पाहुणे येतात, आणि अंधार पडल्यापासून दिवस उजाडेपर्यंत नाटक चालते. या नाटकांची दृश्ये उभी करणारा माणूस टेकचंदला व्हायचे होते. एका वहीत अडकलेल्या सुट्या कागदावर त्याच्या अक्षरात एक वाक्य आहे: ‘पडदा चांगला रंगवता आला पाहिजे आणि तो कोणाच्या अंगावर पडता कामा नये.’ पहिल्या भागासाठी चित्रकला आणि दुसऱ्या भागासाठी अभियांत्रिकी, इतका तो हिशेब साधा होता.

वडिलांना, सेवकरामांना, तो साधा वाटत नव्हता.

“सरकारनं तुले तलाव बांधाले शिकवलं,” ते म्हणत, “अन्‌ तू कापडावर काढून राहिला. कापडावरच्या तलावात ना धान होत, ना मासोळी.”

“मासोळी काढतो ना बाबा, तुम्ही म्हणान तं.”

“काढ. रविवारी तिचाच रस्सा कर.”

त्या काळी वडशाकडच्या एका नाट्यमंडळाचे मालक देवाजी या भागात राजाच्या भूमिकांसाठी प्रसिद्ध होते. अंगाने थोराड, आवाज भरदार, चालणे असे की साध्या धोतरातही मागे कोणी छत्र धरले आहे असे वाटावे. १९७८ च्या शंकरपटासाठी करडीच्या गावमंडळाने त्यांचे नाटक ठरवले. नाटकातला शेवटचा प्रवेश तलावाकाठी घडत होता आणि मंडळाकडचा तलावाचा पडदा जुना होऊन घड्यांवर विरत होता. टेकचंदने नवा पडदा रंगवून देण्याची तयारी दाखवली. देवाजींनी निरोप पाठवला की पडदा पसंत पडला तर पुढच्या हंगामापासून नेपथ्याचे सगळे काम त्याच्याकडे, कायमचे. पोराने नोकरी सोडून यायचे, आणि वर्षाचे सहा महिने मंडळाबरोबर फिरायचे. टेकचंदला तीन वर्षे हवे होते ते नेमके हेच. त्यासाठी त्याने राजीनाम्याचा मसुदाही लिहून ठेवला होता. तो चौथ्या वहीच्या पुठ्ठ्यात सापडतो. त्यावर तारीख घातलेली नाही.

पडदा खळ्यावर तयार झाला. मळणी संपून सारवलेली ती जागा रिकामी झाली होती. आई गोदावरीबाईने मांजरपाटाचे पट्टे शिवून अठरा फूट रुंद आणि बारा फूट उंच कापड केले. त्याला खळ, सरस आणि पांढऱ्या मातीचा हात दिला गेला. जानेवारीचे तीन आठवडे टेकचंद नागपूरचा वर्ग बुडवून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी त्या कापडावर अनवाणी फिरत होता. कुंताबाईच्या आठवणीत तो पाण्यावर चालताना दिसतो: हातात लांब दांडीचा ब्रश, पायांखाली ओला निळा रंग, आणि उतरत्या उन्हात त्या निळ्यावर पडलेली त्याची स्वतःची सावली, जी तो जाईल तिकडे जाई आणि कधी भिजत नसे. ही आठवण बहुधा नंतरच्या कौतुकाने रंगलेली आहे, कारण ओल्या रंगावर कोणी चालत नाही. पण ती सांगताना कुंताबाई थांबत नाही.

चित्रात पाण्याचा विस्तार दाखवणे सर्वांत कठीण. त्यासाठी आधी क्षितिजाची रेषा ठरवावी लागते. विद्यालयात शिकवले होते की ही रेषा पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर येते. टेकचंदने ती पडद्याच्या खालच्या कडेपासून पाच फुटांवर धरली, कारण त्याचा स्वतःचा डोळा जमिनीपासून पाच फुटांवर होता. पडदा वाळल्यावर त्याने तो मोहाच्या फांदीला टांगला, समोर उभे राहून पाहिले, आणि वहीत एकच शब्द लिहिला: ‘सपाट.’ पाणी सपाट दिसत होते. ते पायांपासून निघत होते आणि दूर धुक्यात जात होते.

९ फेब्रुवारीला, गुरुवारी दुपारी, पडदा नाटकाच्या मैदानावर नेण्यात आला. करडीत तेव्हा नाटकाची जागा करण्याची एक रीत होती. धान निघालेल्या मोकळ्या बांधीत, म्हणजे खाचरात, प्रेक्षकांच्या बसण्याची जागा दीड फूट खोल खणायची, आणि निघालेली माती समोर रचून तीन फूट उंच रंगमंच करायचा. खोदकामाच्या पहिल्या टोपलीवर नारळ फुटे, आणि ती नारळाची माती रंगमंचाच्या मधोमध पुरली जाई. लोक खाली तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, बसत, नट वर उभे राहत. पिढ्यान्‌पिढ्या असेच चालले होते. हे अनेकांनी सांगितले आहे आणि एका जुन्या छायाचित्रातही दिसते.

रंगमंच तयार होता. बांबूच्या चौकटीवर पडदा चढला. देवाजी त्याच दिवशी जागा पाहायला आले होते. ते बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सर्वांच्या मागे, उंच उभे राहिले आणि पडदा या कडेपासून त्या कडेपर्यंत न्याहाळत राहिले.

“जमलं बाबू,” ते शेवटी म्हणाले. “हंगाम सरला का ये माझ्याकडे. पडद्याले आता हात लावू नको.”

जे हवे होते ते टेकचंदला मिळाले होते. त्याच वेळी खाली, खणलेल्या जागेत, तणस पसरणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्यांत शेजारची शकुनबाई होती, साठीची, तंबाखू मळत पाय पसरून बसलेली.

“काहून रे टेक्या,” तिने विचारले, “हे पाणी उभं काहून केलं?”

“उभं कुठं मावशी? सपाट तं हाय.”

“सपाट? भिंतीवानी उभं हाय. आता आपल्या आंगावर येईन. इथं येऊन बस, मंग सांग.”

बायका हसल्या. टेकचंद खाली उतरून तिच्याशेजारी तणसावर बसला.

या क्षणाबद्दल त्याने स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. गोदावरीबाईने लेकीला सांगितले ते एवढेच की तो बसला आणि उठेना. समोर, डोक्याच्या वर, तीन फूट मातीच्या कडेवर, त्याचा तलाव एखाद्या निळ्या फळीसारखा टेकून उभा होता. काठावरची झाडे पुढे झुकली होती. पाणी कोणत्याही क्षणी पालथे होईल असे दिसत होते. चूक कुठे आहे हे त्याच्यातल्या चित्रकाराला कळले, आणि ती किती आहे हे त्याच्यातल्या अभियंत्याने मोजले. मिस्त्री वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी त्याने एका टोकाला बायकांच्या डोळ्यांशी आणि दुसऱ्या टोकाला रंगमंचाशी धरली. वहीत त्या दिवशीची नोंद आहे: बसलेल्याचा डोळा रंगमंचाच्या पृष्ठभागाहून दोन फूट खाली. म्हणजे क्षितिजाची खरी रेषा पडद्यावर कुठेच नव्हती, ती मातीत होती. खाली बसलेल्या माणसाला पाण्याचा पृष्ठभाग दिसूच शकत नाही, मग तो कोणीही आणि कसाही रंगवो. पाच फुटांची रेषा उभ्या माणसाची होती. देवाजी उभे होते. गाव बसणार होते.

पुन्हा रंगवून उपयोग नव्हता. मार्ग एकच होता, आणि तो त्याला पाळीने सुचवला असावा, असे म्हणता येते: पाणी वर न्यायचे नाही, माणसे वर न्यायची. रंगमंचाची माती उतरवून ती बसायच्या जागेत मागे-मागे चढती रचायची. तलाव खाली आणि पाळ वर. मग बसलेल्या गावाचा डोळा पाण्यापेक्षा उंच येईल, मधल्या रांगांत बरोबर पाच फुटांवर. हातात दोन दिवस होते.

गावमंडळाचे अध्यक्ष भैय्यालाल तुमसरच्या धान्यबाजारात व्यापार करत, आणि दोन पिढ्यांपासून नाटकाचा नारळ त्यांच्याच हातून फुटत असे. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले.

“म्हणजे नटानं खाली उभं राहायचं अन्‌ लोकायनं वर बसायचं?”

“हो सेठजी.”

“अन्‌ नारळाची माती उकरायची?”

“उचला लागन.”

“एका कापडापायी?”

देवाजी तोवर जवळ आले होते. त्यांचा आवाज चढला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला. “मी राजाचं काम करतो. राजा आजवर खड्ड्यात उभा राहिला नाही. तुले हो म्हटलं हाय मी. आता या जागेले हात लावशील तं माझं हो मी परत घेतो. समजलं?”

“समजलं देवाजीभाऊ.”

“मंग?”

टेकचंदने उत्तर दिले ते एकाहून अधिक माणसांनी जवळपास सारख्याच शब्दांत सांगितले आहे, म्हणून ते खरे मानायला हरकत नाही. तो म्हणाला, “तुम्ही पाह्यलं ते बरोबर हाय. पण तुमच्या जागी एकच माणूस उभा राहू शकते.”

 नारळाच्या मातीचा प्रश्न मात्र खरोखरच अवघड होता. ती हलवायला भैय्यालाल तयार नव्हते, आणि त्यांच्या मनाविरुद्ध गाव फावडे उचलणार नव्हते. तेव्हा गोदावरीबाई बोलली. ती बायकांच्या घोळक्यातून, पदर सावरत, पुढे न येताच बोलली.

“ते माती मागं नेऊन ठेवा ना, सगळ्यायच्या वर. इतके वर्सं देव बिचारा मातीखाली दबून हाय. यंदा तोबी बसून नाटक पाहीन.”

पहिल्यांदा शकुनबाई हसली, मग सगळेच. भैय्यालालही. हसून झाल्यावर त्यांना नाही म्हणणे जड गेले. त्यांनी स्वतः ती माती टोपलीत उचलली आणि बांधीच्या मागच्या टोकाला, जिथे सर्वांत वरची रांग येणार होती, तिथे नेऊन ठेवली. देवाजी बिऱ्हाडाकडे निघून गेले.

संध्याकाळी सेवकराम फावडे घेऊन मैदानावर आले. मुलाने काढलेल्या खुणा त्यांनी पायाने चाचपून पाहिल्या.

“हे अशी माती टाकशील तं उद्या लोकं एकमेकाच्या मांडीत येऊन पडतीन. पाळ बांधाची तं पाळीवानी बांधा. थोडी टाका, ओली करा, धुमस मारा, मंग वरची.”

“पदविकेत हेच शिकवलं बाबा.”

“मंग तीन वर्सं वाया गेले. मी फुकट शिकवलं असतं.”

शुक्रवारी दिवसभर आणि शनिवारी दुपारपर्यंत चाळीसेक माणसे रंगमंचाची आणि शेजारच्या बांध्यांतलीही माती वाहत होती. वहीत या दोन दिवसांचे आकडे आहेत, पण चित्र एकही नाही. रंगमंच उतरत उतरत जमिनीला आला. समोर मातीची पाळ हळूहळू चढली, सतरा रांगांची, पुढे पावणेदोन आणि मागे सव्वातीन फूट उंच. शनिवारी उन्हे कलल्यावर टेकचंद प्रत्येक रांगेत एकेकदा बसला. चौथ्या रांगेपर्यंत पाणी अजून किंचित उभे होते. तेराव्याच्या वर ते डोळ्यांखालून थोडे निसटत होते. मधे, आठव्या-नवव्या रांगेत, ते अंथरलेल्या धुतल्या लुगड्यासारखे पडले होते. त्या रांगांत बायका बसणार होत्या.

नाटक अंधार पडल्यावर सुरू झाले. हस्तपत्रकावर ११ फेब्रुवारी १९७८ ही तारीख आहे. काही जण पुढच्या वर्षाचे नाव घेतात, ते चुकीचे आहे. शेवटचा प्रवेश आला तेव्हा पूर्व उजळत होती. माणसे घोंगड्यांत आणि चादरींत गुरफटून, एकमेकांना टेकून, अर्धी झोपेत होती. मुले आयांच्या मांडीवर पडली होती. गावामागच्या खऱ्या तलावावरून निघालेले धुके बांधीत उतरून रंगमंचाच्या कडेला साचले होते. दिव्यांचा पिवळा उजेड आणि उगवतीचा राखी उजेड यांच्यामधला तो थोडा वेळ असतो, ज्यात कोणत्याही रंगाला आपले नाव ठाम सांगता येत नाही. त्या वेळी पुढचा पडदा गुंडाळला गेला.

पुढे जे झाले ते सांगताना सगळ्यांचे आवाज खाली येतात. समोर पाणी होते. कोणी दचकले नाही. गाव सकाळी उठून पाळीवर येऊन बसावे आणि तलाव तिथे असावा, तसे ते होते. धुके चित्रातले कोणते आणि बांधीतले कोणते हे दिसत नव्हते. देवाजी राजाच्या वेषात काठावर आले. त्यांची पहिली दोन वाक्ये कोणालाही आठवत नाहीत. मधल्या रांगेतून एक बाई उठली. तिने लुगडे घोट्यांच्या वर धरले, आणि झोपेतल्या पावलांनी, रांगांमधून वाट काढत, ती पाण्याकडे उतरू लागली. बसलेल्यांनी पाय आखडून तिला जागा दिली. पाण्यावर निघालेल्या बाईला अडवायचे कशासाठी. रंगमंचाच्या कडेला आल्यावर ती थांबली आणि वाकली.

ती बाई कोण होती याबद्दल तीन नावे सांगितली जातात. शकुनबाईने मात्र कुंताबाईजवळ तक्रारीच्या सुरात कबुली दिली होती. “लोकायले काही बी वाटते. मी काय तंद्रीत होती काय? तोंडात तंबाखू होता, चूळ भराची होती. समोर पाणी दिसलं, उठली.”

सूर्य वर आला तेव्हा लोक पांगले. तणस तुडवलेली पाळ रिकामी झाली. देवाजींनी चेहऱ्यावरचा रंग पुसून टेकचंदला बोलावले. ते पाळीच्या पहिल्या रांगेवर बसले होते, आणि बसूनही मोठे दिसत होते. भैय्यालाल आणि सेवकराम जवळच उभे होते.

“बस,” देवाजी म्हणाले. “असा पडदा मी पाह्यला नाही. खोटं बोलत नाही.”

टेकचंद बसला.

“पण माझ्या कामाचा नाही. कापड माझ्या गाडीत मावते. ही पाळ मावत नाही. मी आज इथं, परवा आंबागडले, मंग आणखी कुठं. प्रत्येक गावाले सांगू काय, का माती उकरा, पडदा येऊन राहिला?” त्यांच्या हातातल्या फडक्यावर राजाच्या भुवया उतरल्या होत्या. “अन्‌ दुसरं. वीस वर्सं झाले, मी आलो का लोकं मले पाहतेत. आज मी बोलून राहिलो अन्‌ लोकं पाणी पाहून राहिले. एक बाई माझ्यासमोर चूळ भराले आली. मी मालक हाओ बाबू, पण आधी नट हाओ.”

“जी.”

“राग धरू नको.”

“नाही. तुम्हाले आमच्यापायी खाली उभं राहा लागलं,” टेकचंद म्हणाला, “राग तुम्ही धरू नका.”

देवाजी उठले. जाताना त्यांनी पडद्याकडे वळून पाहिले नाही, असे भैय्यालाल सांगत. सेवकराम म्हणत की पाहिले, दोनदा.

राजीनाम्याचा मसुदा मसुदाच राहिला. टेकचंदने एप्रिलमध्ये चित्रकलेची परीक्षा दिली. गुणपत्रिकेत द्वितीय श्रेणी आहे, आणि यथार्थदर्शन, म्हणजे क्षितिज आणि अंतर अचूक दाखवणे, या विषयात तो जेमतेम उत्तीर्ण आहे. परीक्षकांनी त्याला कोणता प्रश्न विचारला आणि त्याने कोणत्या रांगेत बसून उत्तर दिले, हे कळायला मार्ग नाही. तो खात्यात कायम झाला आणि कोणत्याही नाट्यमंडळात कधीही गेला नाही. पण चौथ्या वहीच्या मागच्या पानांवर १९७८ ते १९८७ या काळातील एकवीस गावांची नावे आहेत आणि प्रत्येक नावापुढे उतार, रांगा आणि डोळ्याची उंची आहे. हंगाम आला की तो रजा घेऊन नाटकाच्या आठ दिवस आधी गावी जाई, मोकळ्या बांधीत एकटाच इकडे-तिकडे बसून पाही, खुणा करी, आणि माती चढू लागली की पडद्याकडे वळे. पडदा त्या-त्या गावाचा असे, कधी तलावाचा, कधी जंगलाचा, आणि तो त्या एकाच जागेवरून खरा दिसे. जूनमध्ये त्या पाळी मोडून बांध्या पुन्हा सपाट होत आणि त्यांत धान उभे राही. त्यामुळे त्याने बांधलेले असे दाखवता येईल असे जिल्ह्यात काहीही नाही. ज्याला तो व्यवसाय म्हणत होता तो त्याला मिळाला की नाही, याचा निर्णय कागदपत्रांवरून करता येत नाही.

त्याची सुरुवात मात्र तारखेनिशी सांगता येते. नाटकानंतरच्या सोमवारी बाप-लेक बांधी सपाट करायला गेले होते. कालची पाळ फावड्याखाली ढासळत होती, ओली माती वाळून तिच्यात तणसाच्या काड्या अडकल्या होत्या. धुऱ्यावर सायकल टेकवून एक माणूस उतरला. त्याने आपले नाव धनीराम सांगितले. तो दोन कोसांवरच्या गावाचा होता आणि त्याची बहीण शनिवारी आठव्या रांगेत बसली होती.

“आमच्या गावी पंधरा दिवसानं नाटक हाय,” तो म्हणाला. “पाळ बांधणारा कोण हाय म्हणे इथं?”

टेकचंदने वडिलांकडे पाहिले. पाळ त्यांनीच बांधली होती. सेवकरामांनी कपाळाचा घाम पुसला, फावडे मातीत रोवले, आणि मुलाकडे बोट केले.

“हा. आधी तुमच्या जागेवर येऊन बसन, अर्धा दिवस काही बोलणार नाही. घाबरू नका. त्याले बसू द्या.”